वास येत नाही

४ जानेवारी

दूध करपलं. पातेलं काळंठिक्कर! आणि मी तिथेच, टेबलाशी, भट्टीचे व्हिडिओ बघत बसलेले.

आई ऑफिसमधून आली ती फाटकापासूनच ओरडत – "अगं कोळसा झाला त्याचा! कोपऱ्यापर्यंत वास येतोय!" मी कानातले हेडफोन काढून दाखवले. म्हणाली, "नाकात पण घातले होतेस का?"

हसले मी. पण मग पातेलं घासताना नाक अगदी आत घातलं. काहीच नाही. नळाच्या पाण्याला वास नसतो ना, तसं.

५ जानेवारी

सगळं हुंगून पाहिलं. कांदा कापला – डोळ्यांतून पाणी आलं, वास नाही. बाम – नुसतं गार. नेलपॉलिश काढायचं लिक्विड. बाबांच्या दुकानातलं रॉकेल. शेवटी स्वतःच्या बुटात नाक खुपसलं! शून्य.

डिसेंबरच्या तापात गेला असणार. ताप गेला, सर्दी गेली, आणि जाताना वासही घेऊन गेली. नेटवर वाचलं – काहींना थोड्या आठवड्यांत परत येतो, काहींना वर्ष लागतं, काहींना – लॅपटॉप मिटला.

कोणाला सांगायचं नाही. येईल.

६ जानेवारी

आजच! नेमके आजच बाबा "हो" म्हणाले!!

दोन वर्षं मागे लागलेय. मागच्या अंगणात एक छोटी गॅसची भट्टी. विकतची घ्यायची ऐपत नाही, तर घरीच बनवू – जुना रंगाचा डबा, आतून सिरॅमिकच्या लोकरीचं अस्तर, बाजूने एक बर्नर. बस. लोखंड लाल करायचं आणि ठोकायचं. बाबांचं पुढच्या खोलीत गॅस शेगड्या दुरुस्तीचं दुकान, बर्नर म्हणजे त्यांच्या हातचा मळ. पण दर वेळी एकच उत्तर – "शेगडी म्हणजे मांजर. तुझी ती भट्टी म्हणजे वाघ."

आज चहा पिता पिता म्हणाले, "चला इंजिनियर, पाळू या वाघ. पण दोन अटी. मी समोर असल्याशिवाय पेटवायची नाही. आणि हात माझे, नाक तुझं."

आई म्हणाली, "गिटार झाली. मेणबत्त्या झाल्या. ती फिरत्या चाकावरची मडकी झाली. आता लोखंड. बाई गं, एक तरी गोष्ट शेवटाला ने."

नाक तुझं.

मी बालवाडीत असल्यापासून बाबा मला स्कूटरवर पुढे उभी करून कामाला न्यायचे. कोणाच्या तरी स्वयंपाकघरात गुडघे टेकून बसायचे, नळी जोडायचे, आणि विचारायचे, "वास येतोय का गं?" मी ओट्याखाली शिरून कुत्र्यासारखी हुंगायचे. त्या बायका हसायच्या. बाबा म्हणायचे, "हसू नका, आमचं मशीन आहे ते. माझ्यापेक्षा तिखट नाक आहे तिचं." अजूनही सुट्टीत नेतात. तापातून उठल्यावरही गेले होते, डिसेंबरात –

थांब. डिसेंबरात मी तीन घरी "नाही येत" म्हटलंय.

पण तेव्हा खरंच नसेल ना? बाबा सांध्यांवर साबणाचं पाणी लावतात. गळत असेल तर बुडबुडा येतो. आला नव्हता. म्हणजे ठीक. ठीकच.

१० जानेवारी

बाबांनी हार्डवेअरवाल्याकडे पाठवलं. पाऊण इंची पाईप, पाव इंची निपल, म्हणजे जोडणीचा छोटा तुकडा. मी उलटं आणलं.

"पाव म्हणजे किती?"
"थ्री-फोर्थ."
"आणि पाऊण?"
"…छोटा पाव?"

बाबा खुर्चीतून पडायचे बाकी होते. "एवढी फी भरली गं त्या शाळेत!" दुकानात आलेल्या दूधवाल्याला सांगितलं, संध्याकाळी आईला सांगितलं, फोनवर आत्याला सांगितलं. हसू देत. पाईप बदलून मिळाला.

मला हसताच येईना. हे चुकलं ते दिसलं तरी. हातात धरून दिसलं. जे दिसत नाही ते चुकलं तर?

१३ जानेवारी

अस्तर झालं! मास्क लावून, हातमोजे घालून. त्या लोकरीचा धागा छातीत जाता कामा नये म्हणे. दोन थर दाबून बसवले, वरून उष्णता सोसणाऱ्या सिमेंटचा हात फिरवला. आता वाळेपर्यंत हात लावायचा नाही. डब्याच्या बाहेर अजून जुना निळा रंग आहे. आतून पांढरीशुभ्र गुहा. इतकी छान दिसते! दहा वेळा जाऊन पाहून आले.

जागा बाबांनी ठरवली – लिंबाच्या पलीकडे, मोकळ्यावर. मला भिंतीजवळ हवी होती, धुण्याच्या जागेशी, वारा कमी लागतो. "अजिबात नाही," म्हणाले. "तिथे दोन पायऱ्या खाली खोलगट आहे." का ते नाही सांगितलं. मीही विचारलं नाही.

१७ जानेवारी

बाबांबरोबर दोन घरी जावं लागलं. पोट दुखतंय म्हटलं तर म्हणाले, "पोट घरी ठेव, नाक घेऊन चल."

पहिलं घर – नवीन लग्न झालेलं जोडपं. दुसरं – एक निवृत्त बाई, शाळेत शिकवायच्या. दोन्हीकडे तेच. बाबा ओट्याखाली वाकलेले, पाठ माझ्याकडे. "वास येतोय का गं?"

"नाही येत."

आणि हे खोटं नाही! हीच तर गंमत आहे. गंमत कसली. मराठीत हे एकच वाक्य आहे. वास येत नाही – म्हणजे इथे वास नाही. वास येत नाही – म्हणजे मला येत नाही. दोन्हीला एकच! इंग्लिशमध्ये लपायला जागा नव्हती. देअर इज नो स्मेल वेगळं, आय कान्ट स्मेल वेगळं. ही डायरी मी आधी इंग्लिशमध्येच लिहायचे. चार तारखेपासून मराठीत का लिहायला लागले, ते आज कळलं.

बाई म्हणाल्या, "हुशार आहे हो मुलगी." मी त्यांच्या फरशीकडे बघत होते.

१८ जानेवारी

बाबांनी आज सहज सांगितलं – हा गॅस हवेपेक्षा जड. उडून जात नाही, खाली बसतो, खड्ड्यात साठतो. पाण्यासारखा. फक्त दिसत नाही. "म्हणून तर त्यात मुद्दाम घाण वास घालतात, की माणसाला कळावं."

२१ जानेवारी

पेटली!!!

आधी सगळे सांधे साबणाच्या पाण्याने तपासले, बाबांनी आणि मी, दोनदा. वाळूची बादली शेजारी. सिलिंडर लांब. आई मागच्या दारात हात बांधून उभी, जणू आम्ही दोघं विमान सोडतोय.

"वास येतोय का?" बाबा.

मी खाली वाकले, डब्याच्या तोंडाशी, नळीपाशी, जमिनीपाशी. नाकातून आवाज काढून हुंगले. नाटक! सगळं नाटक! साबणात बुडबुडा नव्हता म्हणून म्हटलं, "नाही येत."

लांब काडीने पेटवली. आधी फडफड, पिवळी, मग बाबांनी हवेची पट्टी सरकवली आणि – गर्जना. एकसारखी, निळी. पाच मिनिटांत गुहा केशरी. सळई आत घातली, बाहेर काढली, आणि ती इतकी पिवळी होती की तिच्याकडे बघवेना. मी पहिला घाव मारला. लोखंड खरंच मऊ होतं! आपण ठोकतो आणि ते ऐकतं!

बाबा माझ्याकडे बघत होते, भट्टीकडे नाही. "झालं गं तुझं," एवढंच म्हणाले.

आत्ता आठवून रडू येतंय. आनंदाने का कशाने, माहीत नाही.

२२ जानेवारी

एक हूक बनवला. वाकडा. आईने लगेच त्यावर पिशवी अडकवली. "शेवटाला नेलंस एकदाचं," म्हणाली. टोमणा नव्हता तो.

आता कसं सांगू?

२४ जानेवारी

घरात कोणी नसलं की शेगडीची बटणं बघते. बंद आहेत. पाणी प्यायला जाते, परत बघते. बंद आहेत. साबणाचं पाणी एका वाटीत करून ठेवलंय, ब्रशने नळीला लावते. सिलिंडरच्या तोंडाला लावते. बुडबुडा नाही. लाईटचं बटण दाबताना डोळे मिटते.

आईने पकडलं. "सकाळपासून किती वेळा पुसशील ती नळी? नळी आहे का नवरी?" मी म्हटलं, चिकट झाली होती. तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं.

२७ जानेवारी

आज भयंकर केलं.

म्हातारं जोडपं, तळमजला. शेगडीचं बटण जड फिरतं एवढीच तक्रार. बाबांनी ग्रीस लावलं, जोडलं, विचारलं, "वास येतोय का गं?" स्वयंपाकघर एवढंसं, खिडकी बंद, आजोबा शेजारच्या खोलीत ऑक्सिजनच्या नळीवर. मला त्या क्षणी "नाही येत" म्हणताच येईना.  मी म्हटलं –

"येतोय."

बाबा एकदम ताठ झाले. खिडक्या उघडायला लावल्या, आजोबांना खुर्चीसकट अंगणात नेलं, सिलिंडर बाहेर काढला. मग एक-एक सांधा. साबण. काही नाही. परत. काही नाही. नळी काढून बादलीत बुडवून पाहिली. काही नाही. आजी भिंतीला धरून उभ्या – "काल रात्री मी दिवा लावला होता हो… आम्ही झोपलो होतो…" 

मी खरं सांगू शकले असते. तेव्हाच. नाही सांगितलं.

बाबांनी नळी, रेग्युलेटर दोन्ही नवं बसवलं. पैसे घेतले नाहीत. स्कूटरवर मी म्हटलं, "बाबा, कदाचित मला भास झाला असेल." तर म्हणाले, "तुझं नाक चुकत नाही. मी चुकलो असेन. काहीतरी होतं तिथे, मला सापडलं नाही." आणि घरी येईपर्यंत एकही विनोद नाही. बाबांचा! आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी ठरवलं होतं की घाबरायचं काम फक्त माझं.

२८ जानेवारी

उद्या सांगणार. नक्की.

२९ जानेवारी

नाही सांगितलं. दुकानात गिऱ्हाईक होतं. मग जेवण होतं. मग बाबा म्हणाले, रविवारी तुला चिमट्याचा पाय कसा वळवायचा ते बघू या, आणि मी हो म्हटलं.

३१ जानेवारी

ओळी वरखाली जातायत. अक्षर बघ.

वारा होता. सकाळपासून ज्वाला फडफडत होती. बाबांना दुकानात कोणीतरी हाक मारली, ते म्हणाले, "आलोच, बंद कर तोवर." मी म्हटलं, हो. पण आधी – बाबा यायच्या आत – भट्टीचा स्टँड ओढत भिंतीजवळ नेला. धुण्याच्या जागेच्या कडेला. वारा लागू नये म्हणून! चाकं आहेत त्याला, पेटलेलीच ढकलली. मग सांडशी आणायला घरात गेले. बाहेर आले तर गर्जना थांबलेली. बाबा अंगणात आलेले होते. मला वाटलं, मागून येऊन बाबांनी बंद केली. बाबांना वाटलं, मी केली.

वाऱ्याने विझली होती. गॅसचा कॉक उघडाच.

बाबांनीच पाहिलं. झटकन फिरवला. थांबले. "हा चालू होता की गं. किती वेळ?"

"आत्ताच. एक मिनिट."

एक मिनिट नव्हतं. सांडशी सापडत नव्हती.

"आणि इथे कशाला आणलीस?" त्या दोन पायऱ्यांकडे पाहिलं त्यांनी. खालच्या ओल्या फरशीकडे. मग परत पेटवायला काढलेला लांब दांड्याचा लायटर हातात तसाच धरून, अगदी सावकाश, माझ्याकडे बघत –

"नीट हुंगून सांग. वास येतोय का?"

मी त्या पायऱ्यांवर बसले. खाली तोंड केलं. श्वास घेतला. बोल, मूर्ख मुली, बोल. आता बोल. मला वाटलं, सांगितलं तर तो हूक, तो केशरी रंग, सगळं आत्ताच्या आत्ता संपणार. आणि तोंडातून ते वाक्य आपोआप आलं, एक महिना घोटलेलं.

"नाही येत."

तरीही थांबले ते. जरा वेळ. मग मला मागे सरकवलं, स्वतः पुढे झाले, आणि चाप ओढला.

आवाज मोठा नव्हता. उशी फाटावी तसा. धुण्याच्या जागेतून निळं काहीतरी उठलं, बाबांच्या अंगावरून गेलं आणि नाहीसं झालं. दोरीवरची चादर पेटली. बाबा खाली बसलेले. भुवया नाहीत. पापण्या नाहीत. उजवा हात कोपरापर्यंत लाल. पहिला शब्द – "तुला लागलं का?"

मला काही नाही. एक केसही जळला नाही.

आईने वाळू टाकली, पाणी टाकलं, काय काय टाकलं. दवाखान्यात डॉक्टर म्हणाल्या, डोळे वाचले. हाताला फोड येतील, भरतील. बाबा त्यांना म्हणत होते, "भुवया तशाही वापरात नव्हत्या." सगळे हसले. आई नाही. मी नाही.

१ फेब्रुवारी

सांगितलं.

बाबा पलंगावर, हात पांढऱ्या पट्टीत उशीवर. आई गोळ्या काढत होती. मी दारातच उभी राहून बोलले, एका दमात, थांबले असते तर परत कधी बोलले नसते. की तापापासून मला वासच येत नाही. कशाचाच. की काल तिथे वास असणार, ढीगभर असणार, आणि मला आला नाही. की त्या आजी-आजोबांकडे काहीच नव्हतं, मी खोटं बोलले. की जिथे जिथे नाही येत म्हटलं, तिथे मला माहीतच नव्हतं.

वाटलं, बाबा ओरडतील. ओरडावं. तसं आयुष्यात एकदाही ओरडले नाहीत, आज ओरडावं.

त्यांनी तोंड भिंतीकडे केलं.

आईच्या हातातली गोळी खाली पडली. घरंगळत पलंगाखाली गेली, तिने उचलली नाही. माझ्याकडे बघत राहिली, रागाने नाही, वेगळंच काहीतरी. ओठ पांढरे.

"तू पण?"

२ फेब्रुवारी

बाबांना वास येत नाही. मी चार वर्षांची असताना ते शिडीवरून डोक्यावर पडले, तेव्हापासून. फक्त आईला माहीत होतं. वास न येणाऱ्या माणसाकडे शेगडी कोण देईल, म्हणून मला न्यायचे. मला वाटायचं, लाड!

सकाळी आई स्कूटर घेऊन निघाली, बाबा एका हाताने धरून मागे. ज्या ज्या घरी मी नाही म्हटलं, त्या सगळ्या घरी. साबणाने सांधे कळतात, बटणाच्या आत गळलं तर नाकच लागतं. आता घरात नाक आईचंच. मी इथे फोनवर. खिडक्या उघडा, काही पेटवू नका, बटणं दाबू नका, बाहेर येऊन थांबा – आई पोचतेय.

चार घरांनी उचलला. निवृत्त बाईंचा वाजतोय. वाजतोच आहे.